मामंजींचं नाक आणि लाल विमान

आहे, मामंजी. अजून आहे. तुम्हाला वाटलं असेल, सून म्हातारी झाली, दात गेले, तर राग पण गेला असेल. दात गेले. राग तसाच आहे. तुम्ही गेलात तेव्हा तुमचं जे वय होतं ते मी केव्हाच ओलांडलं, म्हणजे आता मी तुमच्याहून मोठी झाले. तेव्हा डोक्यावर पदर घेणार नाही, दाराआडून बोलणार नाही, आणि "अहो, मामंजींना सांगा" म्हणून तुमच्या मुलाला मध्ये घालणार नाही. मध्ये घालायला ते तरी कुठे राहिलेत. आज तुमची तिथी होती. ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतल्या ह्या घरात माझ्या हातानं वडे तळले, खीर केली, तुम्हाला आवडायची तशी जायफळ घातलेली, आणि गच्चीवर कावळ्याची वाट बघत उभी राहिले. कावळा लगेच आला. तुम्ही जेवायला कधी उशीर केला नाहीत. मग सगळे पानावर बसले आणि तुमची पणती, म्हणजे माझी नात, आपल्या मैत्रिणीला सांगायला लागली, "माझे पणजोबा होते ना, उनकी नाक इतनी तेज़ थी! विमान विकत घ्यायला गेले होते, एकदम सस्ते में मिळत होतं. त्यांनी नुसतं सूंघ के सांगितलं, इसमें चूहे हैं. नाहीतर आजोबा तो गए थे उस दिन." मैत्रीण म्हणाली, हाय राम. मग नात माझ्याकडे वळून म्हणते, "आजी, तू पण होतीस ना तिथे? तू काय केलंस?" मी म्हटलं, मी डबा नेला होता. सगळी पंगत हसली. माझ्या हातात खिरीची वाटी होती. ती मी मुकाट्यानं खाली ठेवली, नाहीतर तुमच्या फोटोवर गेली असती.

विमानाचा राग नाही. विमान बिचारं लाल होतं, छान होतं, त्याच्या मनात काही नव्हतं. राग तुमच्या नाकाचा आहे.

तुम्ही मला पाहायला आलात तो दिवस तुमच्या लक्षात असेल की नाही कोण जाणे. माझ्या आहे. देशावरचं आमचं खेडं, मी चौथी पास, आणि तुम्ही ग्वाल्हेरच्या दरबारातले मानकरी, पगडी-बिगडी घालून. लांबच्या प्रवासाची धूळ झटकायच्या आधी तुम्ही माझी परीक्षा घ्यायला बसलात. चालून दाखव म्हणालात. मी ओसरीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. परत ये म्हणालात. कुणीतरी तुमच्या कानात घातलं होतं म्हणे की मुलगी जरा लंगडते. मग सुईत दोरा ओव, डोळे बघायचे होते. वाचून दाखव. गाणं म्हण, आवाज फाटका तर नाही. आणि सासूबाई उठल्या आणि माझी वेणी धरून ओढली, खरी आहे का गंगावन आहे ते बघायला. मी "आई गं" म्हणाले तर तुम्ही खूश झालात, "खरी आहे," म्हणालात. शेवटी मी चहा दिला, तर तुम्ही कप नाकाशी नेलात, डोळे मिटलेत आणि सांगितलंत, "दूध चुलीवर लागलं होतं, भांडं बदललंय." लागलंच होतं! आमच्या घरात तुमच्या नाकाचं काय कौतुक झालं. माझे वडील म्हणाले, अशा माणसाच्या घरात मुलगी सुखात राहील. मला हसू येत होतं. मला असल्या वेळी नेहमीच हसू येतं, त्याला काही इलाज नाही. तर सांगायचं काय, मला एवढी पारखून घेतलीत. बाजारातून घागर घेताना वाजवून घेतात तशी वाजवून घेतलीत. आणि पुढे एकदा तुमच्या मुलाचा जीव ज्याच्यावर टांगायचा होता ती वस्तू घ्यायची वेळ आली, तेव्हा?

त्या दिवसांत सगळंच हललेलं होतं. संस्थानं गेली, मध्यभारत झाला. तुमचा फराशखाना बंद झाला. दरबारचे तंबू, कनाती, गालिचे, सगळं तुमच्या ताब्यात असायचं. शिकारीला, लग्नाला, कुठेही दरबार निघाला की आधी तुमचे तंबू जायचे. मग एक दिवस नव्या सरकारचा माणूस आला, किल्ल्या घेऊन गेला, आणि तुम्ही घरी बसलात. रोज सकाळी तयार व्हायचात, पगडी घालायचात, आणि कंपू मोहल्ल्यापर्यंत चक्कर मारून परत यायचात. मला वाईट वाटायचं, खोटं नाही सांगत. ह्यांचं तर त्याहून वाईट. हे दरबारच्या खर्चानं विमान चालवायला शिकले होते, दरबारातच नोकरी लागणार होती, आणि दरबारच राहिला नाही. घरात दोन पुरुष, दोघांची कामं एकाच वेळी गेलेली, आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत कारण बापासमोर मुलानं बोलायचं नाही अशी तुमची रीत. मी मध्ये फुलके वाढत राहिलेय.

अशात तुम्हाला कुणीतरी बाड्यावर, चौकात, सांगितलं की अमक्या छोट्या संस्थानचे राजेसाहेब आपलं विमान विकायला काढतायत. मातीमोल. दोन माणसांचं, लाल रंगाचं, लाकडाचं आणि कापडाचं. कापड हा शब्द ऐकला आणि तुमचे डोळे असे चमकले! घरी येऊन म्हणालात, "कापड आणि काठ्या! अरे, हा तर उडता तंबू. जन्मभर तेच केलंय मी." बेत असा की हे मेळ्यात लोकांना आभाळातून फिरवून आणतील, बाकीच्या वेळी इंदूरचं टपाल नेतील. ह्यांनी कपाटातून गॉगल काढला, उडताना घालायचा, चामड्याच्या पट्ट्याचा, आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. लग्नानंतर पहिल्यांदा मी ह्यांना शीळ घालताना ऐकलं. मला मात्र दुसरंच आठवत होतं. ह्यांच्याबरोबर शिकायला एक होता, आपल्याच लष्कर भागात राहणारा. पंखा हवेतच बंद पडला आणि तो शेतात पडून गेला. त्याची बायको माझ्याच वयाची. संक्रांतीला आपल्याकडे हळदीकुंकू होतं, मी बोलवायची नावं सांगत होते आणि तिचं नाव तोंडातून गेलं. सासूबाई नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचं ते बघणं मला अजून दिसतं. म्हणून मी ह्यांना विचारलं, इतकं स्वस्त का देतात हो? हे म्हणाले, "सरकार यादी करून राहिलंय. खाजगी किती, राज्याचं किती. जे विकलं नाही ते सरकारात जाईल. म्हणून घाई." मला काही ते पटलं नाही. आमच्या खेड्यात चांगल्या घरची मुलगी घाईनं, काही न मागता द्यायला निघाले की लोक आधी विचारतात, काय झालंय?

मला तुम्ही बरोबर नेलंत ते डब्यासाठी. तुमची गोष्ट तेवढी बरोबर आहे. ह्यांनी तुम्हाला सासूबाईंकडून विचारवलं होतं की विमानांच्या मैदानावरचा जुना मिस्त्री बरोबर न्यावा का. तुम्ही म्हणालात, "मिस्त्री नेला तर राजेसाहेबांना काय वाटेल? त्यांच्या वस्तूवर आपण संशय घेतो?" इथेच माझं डोकं फिरलं होतं. माझी वेणी ओढताना माझ्या वडिलांना काय वाटेल हा विचार तुमच्या मनात आला नाही.

विमान हत्तीखान्यात ठेवलं होतं. हत्ती विकले गेले होते, साखळ्या तेवढ्या भिंतीला होत्या. राजेसाहेब आजारी, वरून त्यांनी निरोप पाठवला की आपण घरचेच आहात, बघा आणि घेऊन जा. खाली त्यांचे दिवाण. गोल, गोड माणूस, हात सतत जोडलेले. माणसांनी विमान ढकलत बाहेर आणलं. मी चेहरा पदरात घेऊन खांबाशी उभी आहे, हे माझ्या पुढे, तुम्ही त्यांच्या पुढे. ऊन त्या लाल रंगावर पडलं आणि तुम्ही "वा!" म्हणालात. तुम्ही नाक लावायच्या आधी मी डोळ्यांनी बघितलं: रंग ओला म्हणावा इतका नवा. त्या कापडावर ठिकठिकाणी रंगाचे ओघळ वाळलेले. आत काय झाकलं होतं कोणाला माहीत. मी ह्यांच्या पाठीमागून म्हटलं, "अहो, नवरीला पावडर जरा जास्तच थापलीय." हे खोकले. तुम्ही ऐकलंत, मला माहीत आहे, तुमचे कान नाकाइतकेच तिखट होते. दिवाणांनी सांगितलं की विमान एकदम झकास आहे, पण आज चालू करून दाखवता येणार नाही, "क्या करें साहब, पेट्रोल परमिट पर मिलता है." मी म्हटलं, "मला गायला लावलं होतं. ही मुकी तर नाही ना?" मग कागदांचं निघालं. विमान कधी घेतलं, किती उडालं, कुठे आपटलं, ते सगळं कागदांवर असतं, असं हे मला वाटेत सांगत होते. दिवाण म्हणाले, "कागज़ इंदौर गए हैं." तेव्हा राजधानी सहा महिने इथे आणि सहा महिने इंदूरला, तर ज्याला जे दाखवायचं नसेल त्याचे कागद नेहमी दुसरीकडेच असायचे. मी म्हटलं, "म्हणजे पत्रिका पण नाही." ह्या वेळी जरा मोठ्यानंच म्हटलं.

आणि तुम्ही वळलात. मला वाटलं आता रागवाल. पण तुम्ही हसलात, मामंजी. त्या परक्या माणसासमोर, लहान पोरीला हसतात तसं. दिवाणांना म्हणालात, "बुरा मत मानिए दिवाण साहब. बहू चेष्टा करती है."

आपल्या मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. पण त्यांच्या हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. सगळं आयुष्य ग्वाल्हेरात काढलंत आणि घाईत हिंदी बोलताना शब्द मराठीतूनच उचललात. सून प्रयत्न करते आहे! दिवाणांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे, आणि एकदम भक्तिभावानं हात वर जोडले. "ईश्वर सफल करे! यहाँ देवी का स्थान है, बहूरानी. जाते समय नारियल चढ़ा दीजिए, साल भर में गोद भर जाएगी." हे त्या विमानापेक्षा लाल झाले. तुम्हाला काही कळलंच नाही, तुम्ही म्हणालात, "हाँ हाँ, ज़रूर." मी पदर तोंडात कोंबला आणि खांबाला धरून हसले, इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. आणि मग हसता हसता ते पाणी दुसरंच झालं. कारण मला कळलं की मी काहीही बोलले तरी ते त्याच एका शब्दात जाणार आहे. रंगाचं सांगितलं, चेष्टा. आवाजाचं सांगितलं, चेष्टा. कागदाचं सांगितलं, चेष्टा. सुनेला सासऱ्याशी सरळ बोलायची सोय नव्हती, म्हणून मी थट्टेतून सांगत होते, आणि थट्टेतून सांगते म्हणून तुम्ही ऐकत नव्हता. आणि तुम्ही काय करत होता? विमानाभोवती फिरत होता, बोटाच्या टोकानं रंग गोंजारत होता आणि म्हणत होता, "क्या ताना है कपड़ा!" शेपूट तरी ओढून बघायचं होतंत! माझी वेणी ओढली होतीत ना?

हे तर त्या दोन सीटांपैकी मागच्या सीटमध्ये जाऊन बसले होते. दांडा हातात धरून. त्यांचा चेहरा मी असा कधीच बघितला नव्हता, लग्नात सुद्धा नाही. तुम्ही त्यांना म्हणालात, "उद्या पेट्रोलची सोय करतात. सकाळी तू घेऊनच ये. आम्ही मोटारीनं पुढे जातो." उद्या सकाळी. कागद नाहीत, आवाज ऐकलेला नाही, आणि उद्या सकाळी माझा नवरा त्याच्यात बसून ग्वाल्हेरला येणार. मला ते शेत दिसायला लागलं. संक्रांत दिसायला लागली आणि माझं नाव नसलेली यादी.

तेवढ्यात तबक आलं. चांदीचं, वर विडे, वर्ख लावलेले, राजेसाहेबांनी वरून पाठवलेले. तुम्ही दरबारी माणूस. तुमच्या जगात विडा उचलला म्हणजे शब्द दिला, मग आभाळ कोसळलं तरी मागे फिरायचं नाही. तुम्ही अंगरखा सारखा केलात आणि हात पुढे केलात. मी खांब सोडला. ह्यांना मध्ये घातलं नाही, खोकले नाही, हसले नाही. तुमच्या समोर येऊन उभी राहिले आणि लग्नानंतर पहिल्यांदा सरळ तुमच्याशी बोलले.

"मामंजी, उंदरांचा वास येतोय. पंखातून. तुमच्या नाकाला आलाच असेल."

तुमचा हात तबकावर तसाच राहिला. उंदीर! फराशखान्यात तुम्ही वाघाला भ्यायला नसतात इतके उंदरांना भीत होतात. एका रात्रीत शामियान्याची चाळण करतात, त्यांचं पाणी लाकडात मुरलं की लाकूड भुगा होतं, हे तुम्ही जेवताना कितीदा सांगितलं होतंत. तुम्ही तबक बाजूला केलंत. विमानाजवळ गेलात, पंखाला नाक लावलंत, डोळे मिटलेत, आणि असा लांब श्वास घेतलात की मला वाटलं, पंख आत जातो. आम्ही सगळे बघत राहिलोय. मग तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "हो. येतोय. आल्यापासून येतोय मला." दिवाण घाबरले, त्यांनी पण नाक लावलं. "साहब, हाथीखाना है. हाथी की बू होगी." तेव्हा तुम्ही त्यांना जे सुनावलंत ते मला मनापासून आवडलं होतं: "हाथी और चूहे का फ़र्क़ हमें मत सिखाइए. उमर फ़राशख़ाने में गई है." बिचारे दिवाण म्हणाले, कहिए तो पंखाची एक पट्टी उघडून आत दाखवतो. लगेच दाखवतो. मी पुन्हा खांब धरला. आणि तुम्ही काय म्हणालात? "ज़रूरत नहीं. हमारी नाक काफ़ी है."

ह्यांनी खाली उतरून वास घेतला. एकदा ह्या पंखाचा, एकदा त्या पंखाचा. मग माझ्याकडे बघितलं. तुम्ही विचारलंत, "काय रे, येतो ना?" तर म्हणाले, "मला सर्दी आहे."

नकार मात्र तुम्ही सुंदर दिलात. मुलगी नको असली की आपल्यात सांगतात ना, तसंच. "कागज़ इंदौर से आ जाएँ, देख के ख़बर करेंगे." पत्रिका बघून कळवतो. विडा घेतला नाहीत, पाणी तेवढं घेतलंत. देवीला नारळ मात्र चढवायला लावलात, कशासाठी ते तुम्हाला ठाऊक नव्हतं तरी. परतताना मोटारीत हे पुढे बसले होते, आमच्याकडे पाठ करून. शीळ नव्हती. घरी आल्यावर स्वयंपाकघरात आले, गॉगल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घे. मिरच्या कांडताना घालत जा." मी तो चुलीजवळच्या खिळ्याला लावला. मिरच्या भाजताना रोज घालायची. शेजारच्या बायका हसायच्या आणि मी पण त्यांच्यात हसायची. आतून डोळ्यांना काहीही झोंबायचं नाही, पण पाणी यायचं.

आणि मग तुमची गोष्ट सुरू झाली. पहिल्यांदा बाड्यावर, मग सराफ्यात, मग घरी येईल त्याच्यासमोर. मी दाराआड चहा घेऊन उभी आणि आत तुम्ही सांगताय, "आत पाय टाकला मात्र, आणि मला वास आला!" पहिल्या वेळी मला वाटलं, पुढे माझं नाव येईल. दुसऱ्या वेळी पण वाटलं. पुढे पुढे तर रंगाचं पण तुमच्यात आलं. "मी दिवाणाला म्हटलं, नवरीला पावडर जास्त झाली." माझं वाक्य! "मी म्हटलं, मुकी आहे का?" माझं वाक्य! आणि लोक टाळ्या देतायत, काय विनोद, काय नाक! तुमच्या तोंडून निघालं की ती चेष्टा नव्हती, तो शहाणपणा होता. आणि मी कुठे? मी शेवटी यायची, हसवायला. "आमच्या सूनबाईंना विचारलं, कसं आहे विमान? म्हणे, छान लाल आहे." मी असं कधी म्हणाले, मामंजी? कधी? तो चहा मी तुमच्यासमोर ठेवायची आणि तुम्ही नाकाशी नेऊन म्हणायचात, "वा, वेलची." त्यात दूध चुलीवर लागलेलं असायचं. मुद्दाम लावायची मी. तुम्हाला पुन्हा कधी कळलं नाही.

विमान एका शेठनं घेतलं. कुठून तरी उडवणारा आणला आणि पुढच्या मेळ्यात ते लाल विमान आपल्या डोक्यावरून घुर्र घुर्र करत जायला लागलं. लोक गच्च्यांवर चढायचे. तुम्ही पण चढायचात आणि पाहुण्यांना बोट करून दाखवायचात, "एक ना एक दिवस पडेल बघा." पुढच्या वर्षी पण दाखवलंत, आणि त्याच्या पुढच्या. ते काही पडलं नाही. हे गच्चीवर कधी आले नाहीत. अंगणात उभे राहून मान वर करून बघायचे, ते नाहीसं होईपर्यंत. एकदा मी वाळवणं घालत होते तर मला हाक मारून म्हणाले, "ये, बघ. उंदीर चाललेत." मी हसले नाही. ते पण हसले नाहीत. तेवढंच एकदा. त्यानंतर आमच्यात त्या दिवसाचं नाव निघालं नाही. ह्यांना कचेरीत कारकुनी मिळाली. फायली इंदूरला गेल्या की हे इंदूरला, फायली परत आल्या की परत. मग पुन्हा सगळं मोडून नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली, तर हे फायलींबरोबर भोपाळला. सासूबाई आजारी, मुलं लहान, तुम्हाला माझ्या हातचं लागायचं, म्हणून मी इथे. ह्यांना जवळ ठेवायचं म्हणून एवढं झालं, आणि जन्म गेला स्टेशनवर डबा देण्यात. गेले ते पण भोपाळच्या भाड्याच्या खोलीत, जमिनीवर, गादीवर झोपेत. मी नव्हते तिथे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, मला माहीत आहे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहितेय, उद्या डब्यांखाली अंथरीन. नातीला सांगणार नाही, तिला तुमचं नाक आवडतं. पण तुम्हाला सांगते, की तुमच्यावर राग गोष्ट चोरल्याचा जेवढा आहे त्याहून दुसऱ्याच गोष्टीचा आहे. तो दिवाण पट्टी उघडून दाखवतो म्हणत होता. तुम्ही वाकून बघायचं होतंत. मला चालवून, गायला लावून, वेणी ओढून घेतलीत आणि माझ्या एका वाक्याची खात्री करून घेतली नाहीत. तेव्हा बघितलं असतंत तर मी सगळ्यांदेखत पकडली गेले असते, तुम्ही मला काय वाटेल ते बोलला असता, आणि ह्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी ते लाल विमान घेऊन शीळ घालत आभाळातून घर गाठलं असतं. किंवा नसतं गाठलं. ते काय झालं असतं ते मला कोणी सांगू शकत नाही, आणि हे मला कोणी विचारलं पण नाही, ह्यांनी सुद्धा नाही. खरं होतं ते सगळं मी थट्टेत सांगितलं होतं. सरळ तोंडानं एकच वाक्य बोलले, आणि तुम्ही तेवढंच उचललंत आणि मरेपर्यंत मिरवलंत.

तुम्हाला कुठून वास आला ते तुमचं तुम्ही बघा, मामंजी. मला कसलाही वास आला नव्हता.